वरची खाट

"खालची खाट द्या एखाद्या म्हाताऱ्याला!" लिस्बनच्या हॉस्टेलात त्रेसष्ट वर्षांच्या खळदकरांनी ठणकावलं आणि ते सरसर शिडी चढून वर गेले. निवृत्त होताच वर्षभर जग हिंडायला निघालेल्या बापाला मुलानं विमानतळावर बजावलं होतं, "बाबा, तिकडं आपल्या वयाच्या माणसांत राहा." त्यावर खळदकर फिस्कारले होते, "म्हातारेच बघायचे, तर आपल्या सोसायटीचा कट्टा काय वाईट आहे?"

सकाळी खोलीतली पोरं शहर बघायला निघाली. "चला ना, काका!" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. खळदकरांनी शिडीवरून खाली नजर टाकली आणि त्यांच्या गुडघ्यांनी तिथल्या तिथे राजीनामा दिला. "व्हा पुढं, मी जरा लोळतो," ते रुबाबात म्हणाले. पोटात चहाची हाक होती, आणि चहाहून निकडीचीही एक होती.

समोरच्या वरच्या खाटेवर पांढऱ्या केसांची एक जर्मन बाई कधीची पुस्तक वाचत होती. पान मात्र उलटत नव्हती. इंग्रजीत गप्पा सुरू झाल्या. दुपारपर्यंत दोघांनी जावई, सुना, ब्लडप्रेशर सगळं उरकलं. शेवटी बाईंनी पुस्तक मिटलं आणि शिडीकडे बघत हळूच विचारलं, "तुम्हाला उतरता येतं का हो?"

"न यायला काय झालं?" खळदकर म्हणाले. "पण बाईमाणसाला एकटं वर सोडून उतरायची आमच्याकडे रीत नाही."