काठावरची खूण

"परत तिथंच थांबलं, मालक," मागावरचा कारागीर गुंडा म्हणाला.

शिवयोगींनी संगणकाच्या पडद्याकडं पाहिलं. चूक दाखवणारी तीच लाल ओळ. महिनाभर ती त्यांच्या छातीवर बसली होती. बारा वाजता खरेदीदार राजनंदिनी मॅडम पुण्याहून येणार होत्या. त्यांच्यासमोर मोराच्या चादरीचा नमुना मागावरून उतरला नाही, तर वर्षाची ऑर्डर दुसऱ्या कारखान्यात जाणार आणि शिवयोगींचे आठही माग बंद पडणार.

नक्षी तिप्पण्णानं केलेली. तीस वर्षांपासून कारखान्यात असलेला डिझायनर. उतारवयात हट्टानं संगणक शिकला आणि लिस्प नावाच्या भाषेत नक्ष्या लिहायला लागला. महिन्यापूर्वी त्यानं एकच मागितलं, या चादरीवर माझं नाव घाला. शिवयोगी हसले होते. माग माझे, सूत माझं, मग नाव तुझं कसं? तिप्पण्णा पेन ड्राइव्ह खिशात टाकून निघून गेला, आणि त्या दिवसापासून मोर अडला. जाता जाता म्हातारा पाचर मारून गेला, असं शिवयोगी अख्ख्या नव्या पेठेत सांगत फिरत होते.

आज गुंडानं कुठूनशी एक पोरगी आणली होती, काव्या नावाची. ती माळ्यावरच्या संगणकासमोर बसली होती.

"कॉलेजात शिकवतात का गं हे?" शिवयोगींनी विचारलं.

"न्हाय. घरीच शिकले."

मोबाइलवर बघून शिकली असणार. आजकाल पोरी पुरणपोळीसुद्धा मोबाइलवरच शिकतात.

"आणि खाली रिक्षा कशाला थांबवून ठेवलीस?"

"घरचं माणूस बसलंय आत. गुडघे दुखतात, जिना चढवत न्हाय."

आई आली असेल सोबत. पोरीला एकटी सोडत नाहीत, म्हणजे घर चांगलं दिसतंय. शिवयोगींना जरा बरं वाटलं.

पडद्यावर कंसांची नुसती जत्रा भरली होती. काव्या मात्र गावातली गल्ली चालावी तशी त्यातून सरसर खाली गेली.

"हे मॅक्रो," ती म्हणाली. "आपण 'फोडणी दे' एवढंच म्हणतो. तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता हे करणारा आपलं आपण समजतो. तसं हितं मोराचं एकच पीस लिहिलंय. मॅक्रो त्याचा सगळा पिसारा लिहून काढतो, विणायच्या आधीच."

"मग अडलंय कुटं?"

तिनं काठाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं # असा एक हॅश होता आणि पुढं उद्गारचिन्ह.

"ही खूण मशीनला वाचता येईना. ह्याला रीडर मॅक्रो म्हणतात. समजा, चिठ्ठीत मध्येच लिहिलंय, 'ऊठ, दाराला कडी लाव.' वाचणारा उठतो, कडी लावतो, मग पुढची ओळ वाचतो. पण खूण दिसली की काय करायचं, हे मशीनला आधी शिकवावं लागतं. ते शिकवणारी फाइल पेन ड्राइव्हबरोबर गेली."

"म्हणजे पाचरच की!"

"पाचर न्हाय, मालक. नुसती खूण हाय."

"तुला येतंय का शिकवायला?"

"येतंय."

"काय करती ती खूण? खरं सांग."

काव्याचे हात क्षणभर थांबले. "काठ पुरा करती," ती म्हणाली.

शिवयोगींनी तिच्याकडं रोखून पाहिलं. पोरगी अनोळखी, आणि घड्याळात साडेदहा. आपल्याच कारखान्यात परक्याच्या तोंडाकडं बघायची वेळ आली, याचा त्यांना मनस्वी राग आला. पण अडला हरी, करतो काय?

"घाल," ते म्हणाले.

तिनं आठ-दहा ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं. लाल ओळ आली नाही. खाली माग खडखडला, आणि खिडकीतून त्यांना मोराचा पहिला पाय कापडावर उमटताना दिसला. मग पोट, मग मान, मग तुरा. शिवयोगींचे डोळे भरून आले. त्यांनी तिथूनच सिद्धेश्वराला हात जोडले.

बाराला मॅडम आल्या. गुंडानं नमुना वर आणून टेबलावर पसरला. मॅडमनी मोरावरून हात फिरवला.

"ऑर्डर तुम्हालाच," मॅडम म्हणाल्या. "पण एक अट आहे. पुढच्या सगळ्या नक्ष्या याच हाताच्या हव्यात. कुणाची आहे ही?"

"माझीच की!" शिवयोगी म्हणाले. गुंडानं मान खाली घातली.

मॅडमनी चष्मा लावला आणि काठ डोळ्यांजवळ धरला. वेलीसारखी बारीक नक्षी त्या बोटानं एकेक अक्षर लावत वाचू लागल्या.

"मग हे तिप्पण्णा कोण? काठभर त्यांचंच नाव विणलंय."

काव्या खुर्चीवरून उठली.

"आमचे अप्पा," ती म्हणाली. "खाली रिक्षात बसलेत. मालकांनी बोलावलं, तर चढतील जिना."