दम

“कुणाला खरं वाटायचं नाय,” बारकूआजा धोतराच्या फडक्यात बांधलेली पावरी खाली ठेवून सोफ्यावर टेकता टेकता म्हणाला, “पण ह्या पावरीनं मी एकदा घाटात एसटी थांबवली व्हती. डायवर उतरून नाचला, कंडक्टर नाचला, पाशिंजर नाचलं. अन् एसटी बिचारी वाट बघून बघून एकटीच सुरगाण्याच्या स्टँडात जाऊन उभी राह्यली.”

हर्षाली हसली. हातांवर कोपरापर्यंत ओली मेंदी, त्यामुळे तोंडावर हात घेता येईना, म्हणून जास्तच हसली. मयूरही हसला. आजाला तेवढंच हवं होतं. गोष्ट लांबवली की छातीतली शिट्टी खाली बसते, हे त्याला आता ठाऊक झालं होतं. इंदिरानगरातल्या ह्या घराला जिना तीन मजल्यांचा. प्रत्येक मजल्यावर थांबून तो दारांवरच्या पाट्या वाचत वर आला होता. त्याला वाचता येत नाही, हे सोबत चढणाऱ्या नातवाच्या, मयूरच्या, लक्षात आलं नव्हतं.

उद्या द्वारका चौकाजवळच्या हॉलमध्ये हर्षालीची हळद. घरातल्या एकूण एक हळदीला आजाचीच पावरी वाजलेली. ह्या खेपेला मयूरनं बहिणीसाठी लॅपटॉपवर स्वतः गाणं केलं होतं.

“मधे जागा सोडलीय, आजा. तुझ्यासाठी,” तो म्हणाला आणि गाणं लावलं.

शोकेसमधल्या काचा थरथरल्या. आजानं डोळे मिटून ऐकलं.

“हे गाणं हाय का पिठाची गिरण?”

“आजा, आज हेच चालतं. तुमच्या पाड्यावरच्या लग्नातसुद्धा पोरं हेच लावतात.”

“अन् ही बाई एकच ओळ किती येळा म्हणते? तिला फुडचं येत नाय का?”

“तुझ्या पावरीत तरी सूर किती? चार-पाच. आणि दिवसभर तेच!”

टोला बरोबर बसला. आजाला तो मनापासून आवडला. मांडीवर थाप मारून तो म्हणाला, “खरं हाय. पण पावरी नाचणाऱ्याचं पाय बघून वाजते. तुझं मशीन कुणाचं पाय बघतं?”

“मला आवडतं हं, आजा,” हर्षाली मधेच म्हणाली. “होस्टेलला रडू आलं की मी असलंच काहीतरी कानात घालून बसायचे. तिथं तुझी पावरी कुठून आणू?”

आजानं तिच्या कोपराजवळची मेंदी वाळली का ते पाहिलं. गाणं संपलं आणि आपोआप पुन्हा सुरू झालं.

“एक सांग रे,” त्यानं मयूरला विचारलं. “ही बाई दम कुठं घेते?”

“घेतलेला असतो. आम्ही काढून टाकतो.”

“काय काढून टाकता?”

“श्वासाचा आवाज. ऐकायला बरा वाटत नाही. साफ करायला लागतो.”

आजानं पुन्हा कान दिला. बाई गात होती. थांबत नव्हती, थकत नव्हती.

“आमी दम लपवायचो,” तो म्हणाला. “नाकानं घ्यायचा, गालात ठेवायचा, भोपळ्यात सोडायचा. फुंक तुटू द्यायची नाय. पण काढून नाय टाकायचो.”

“म्हणून तर सांगतोय, तू एकच फुंक मार. चार सेकंद. तेवढं मी रेकॉर्ड करतो. उद्या दिवसभर तीच फिरवत राहीन. कुणाला कळणारपण नाही.”

चार सेकंद म्हणजे जिन्याच्या किती पायऱ्या, याचा आजानं मनातल्या मनात अंदाज घेतला. मग तो ताठ बसला.

“चार सेकंदात पावरीला जागसुदिक येत नाय, बाबा. ह्याच मार्गशीर्षात, पंधरा दिसांमागं, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात तीन दिवस वाजवली मी. मधे पाणी प्यालो नाय. तिसऱ्या दिवशी डोंगरच उतरून खाली आला. म्हनला, बारकू, आता पुरे कर, माझं पाय दुखायला लागलं! अशी पावरी चार सेकंदासाठी उघडली तर ती रुसंल का नाय?”

पण मयूरनं तोवर पावरीच्या फडक्याची गाठ सोडलीही होती. आतून पिवळट भोपळा निघाला, मेणानं बसवलेल्या बांबूच्या नळ्या निघाल्या, टोकाचं शिंग निघालं. तो ती लॅपटॉपच्या माईकजवळ नेऊ लागला.

“ठेव, ठेव,” आजानं हात पुढे केला. हात पोचला नाही, कारण उठायला लागलं असतं. “मेण तडकंल. उद्या हॉलवरच बघू.”

“थांब, मला बघू दे,” हर्षाली म्हणाली. मेंदीचे हात दोन्हीकडे पसरून ती गुडघ्यांवर बसली. मयूरनं पावरी तिच्यापुढे धरली. आजा जिथं तोंड लावायचा, त्या भोकाला तिनं डोळा लावला.

लॅपटॉपमधली बाई तीच ओळ म्हणत होती. हर्षालीनं डोळा लवकर काढला नाही. काढला तेव्हा ती हसत नव्हती.

“मयूर, ते बंद कर,” ती म्हणाली.

बाई गप्प झाली. खोलीत आता एकच आवाज राहिला, आजाच्या छातीतला, आणि तो त्याला लपवता आला नाही.

“आजा,” ती हळूच म्हणाली, “मार्गशीर्षात नाही वाजवलीस तू. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय. पार वाळलंय. पिल्लंसुद्धा कधीच उडून गेलीत.”