वावरातलं निळं फूल

साखरा गावच्या हळदीच्या वावरापाशी आल्यावर शरीफाचे पाय अडले. आत बाया आपापल्या ओळीची एकेक पात धरून तण निंदत होत्या. सगळ्या पाठमोऱ्या. त्यांतली मंजुळा कोणती, ते काही ओळखू येईना.

चाळीस वर्षं झाली. शरीफाच्या वडलांनी हिंगोलीत दुकान टाकलं आणि घर तिकडं हललं. निघायच्या दिवशीच ती आणि मंजुळा, दोघी मैत्रिणी, भांडल्या. कशावरून, ते आता आठवत नव्हतं. "पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई," असं आपण बोललो, ते मात्र आठवत होतं. आज सकाळी बसमध्ये बसताना तिनं घरात कुणाला सांगितलंही नव्हतं.

बांधावर सात-आठ वर्षांची पोरगी उपटलेल्या तणातून नखाएवढी निळी फुलं वेचत होती.

"कुणाची गं तू?"

"मंजुळाबाईची नात. आरोही."

शरीफा तिच्याजवळ टेकली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "केना ना हा?"

"शाळेतल्या बाई केना म्हणतात. आमच्यात याला शरीफा म्हणतात."



"काहून?"

"आजीनं ठेवलं नाव. आता सगळ्याच बाया म्हणतात. हे उपटून फेकलं ना, तरी पाऊस पडला की तिथंच मुळ्या धरतं. आजीची एक मैत्रीण व्हती. रोज भांडून जायची अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. तशातलं हे, म्हणते आजी."

"आता कुठं हाय ती मैत्रीण?"

"काय माहीत. येईल म्हणते आजी."

शरीफानं पदर डोळ्यांना लावला. पोरगी घाबरली. "आजी, इकडं ये! ह्या बाई रडून राहिल्या!"

वावरातून एक वाळकी, पिकल्या केसांची बाई उठली. चिखल तुडवत बांधाशी आली आणि शरीफाकडे बघत उभी राहिली.

मंजुळाबाईनं हातातलं खुरपं तिच्यापुढं केलं.

"लई उशीर केला गं," ती म्हणाली. "धर पात. बाया पुढं गेल्या."

शरीफानं चपला काढल्या आणि गुडघा धरत, हळूहळू, ती ओल्या मातीत बसली.