उपासाचा वार

सकीनानं माईक हातात घेतला आणि प्रयागबाई सावरून बसली.

आता ही काय बोलते, देव जाणे. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेली बाई. प्रयागबाईच्या दोन्ही बाळंतपणांत उशाशी बसलेली, नवरा गेला तेव्हा तिला सावरून धरलेली. अशी सखी या वयात दुसरी मिळायची नाही. पण दोघींमध्ये एक गोष्ट होती. ती कधी निघाली नव्हती, म्हणूनच मैत्री टिकली होती. आणि आजचा कार्यक्रम नेमका न निघालेल्या गोष्टी काढण्याचाच होता.

रिठदच्या समाजमंदिरात ‘मनं जुळवू या’ नावाचा मेळावा भरला होता. शहरातून योगिनीताई आल्या होत्या. हातमागाची साडी, गळ्यात मातीचे मणी, आणि आवाज इतका मऊ की पुढच्या रांगेतले म्हातारे दोनदा पेंगले. पद्धत सोपी होती. दुसऱ्या समाजाबद्दल मनात काही सलत असेल, तर ते गोष्टीसारखं सांगायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही. शेवटी सगळ्यांनी छातीवर हात ठेवून म्हणायचं, ‘आम्ही ऐकलं.’

जगदेवनं सांगितलं, की सैफुद्दीन टेलरच्या बकरीनं त्याचा हरभरा खाल्ला. पन्नास जणांनी छातीवर हात ठेवले. “आम्ही ऐकलं.”

“बकरी माही नव्हती,” सैफुद्दीन म्हणाला.

“दादा, आपण फक्त ऐकायचं,” योगिनीताई म्हणाल्या.

“ऐकलं ना ताई. पन बकरी माही नव्हती.”

ताईंनी वहीत काहीतरी टिपलं. बहुधा, जखम खोल आहे.

मग ‘एकमेकांचा घास’ झाला. घरून काही आणायचं आणि दुसऱ्या समाजाच्या माणसाला द्यायचं. गाव हुशार. सगळ्यांनी एकमेकांना बिस्किटांचे सीलबंद पुडे दिले. एकोप्याचे फोटो निघाले. स्टीलचा डबा तेवढा सकीनाचा एकटीचा होता. सकाळी तळलेले गुलगुले. तो तिच्या मांडीवर तसाच राहिला.

प्रयागबाईनं आपलं बोलणं आधीच उरकून घेतलं होतं. “आमच्यात कायचाच फरक नाई. सख्ख्या बहिनी म्हना ना. एक ईद चुकवली नाई मी इच्या घरची.” टाळ्या पडल्या होत्या. कोणी विचारलं नव्हतं, की ईदीला जाऊन काय खाल्लं.

सकीनानं माईक तोंडाजवळ धरला. “मले काई जखम-गिखम नाई ताई. मले इची काळजी वाटते. लय उपास करते ही.”

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

“सोमवारी बलावलं, तं महादेव. मंगळवारी गनपती. गुरुवारी दत्त, शनिवारी मारोती. म्हटलं बुधवारी बलावू, तं त्या दिवशी एकादशी निंगाली. एका ईदीले मी इच्यासाठी नवी कढई आनली, न्यारी. त्याच्यात साबुदाना केला. तं म्हने, आज निर्जळी हाये. आमचा रोजा महिनाभर असते, इचा बारमाही. मी म्हनो, इतके उपास करून ही बाई जगून कशी राह्यली?”

पहिल्या रांगेतल्या बायांनी एकदमच पदर सारखे केले. सकीनाच्या दारात पाऊल टाकलं की त्यांनाही उपास लागत.

योगिनीताईंचे डोळे भरून आले. अखेर खरी जखम सापडली होती, आणि तीही जेवणाच्या सुट्टीच्या आत. “आम्ही ऐकलं...” त्यांनी सुरुवात करून दिली. हात छातीवर गेले. आवाज कोणाचा निघाला नाही.

सकीनानं माईक ठेवला. डबा उघडला आणि प्रयागबाईपुढं धरला. हात लांब केलेला, नजर मात्र भलतीकडे. नकार ऐकायची सवय झालेल्या माणसाची असते तशी.

“सोमवार हाये आज,” ती हळूच म्हणाली. “सांगून टाक. मी झाकन लावतो.”

प्रयागबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. चाळीस वर्षं घोटलेलं. आता ते दिलं असतं तरी सकीना उद्या भिंतीपलीकडून हाक मारणार होती, इरजणाला दही मागणार होती, हसणार होती. आणि परत कधीच डबा उघडणार नव्हती.

“आज कायचाच उपास नाई वं,” प्रयागबाई म्हणाली. तिनं गुलगुला उचलला आणि अख्खाच तोंडात टाकला. तो घशात अडकला. सकीनानं घाईघाईनं आपली पाण्याची बाटली पुढं केली. प्रयागबाई ते पाणीही प्याली, बाटलीला तोंड लावून.

टाळ्यांनी समाजमंदिर दणाणलं. फोटो नीट आला नाही म्हणून योगिनीताईंनी अजून एक खायला लावला. तोही तिनं खाल्ला.

पोरगा शिवम बत्तीस वर्षांचा झाला तरी लग्न जुळत नव्हतं, म्हणून प्रयागबाईनं कोणाला न सांगता सोळा सोमवार धरले होते. पंधरा पार पडले होते. आज सोळावा. संध्याकाळी चुरम्याचा नैवेद्य दाखवून उपास सुटायचा होता. आता पुढच्या सोमवारपासून पुन्हा पहिल्यापासून.

चाळीस वर्षं ती सकीनाला नसलेले उपास सांगत आली होती. असलेला उपास तिनं आज नाही म्हणून सांगितला.