लाल टिंब

बाराव्या मंगळवारी हवालदार साध्या कपड्यांत आला आणि नेहमीसारखा दाराजवळच्या खुर्चीवर बसला.

"आज शेवटचा दिवस, आज तरी आत सरका," ट्रक चालवणारा म्हणाला. "कोण पळून जाणार आहे इथून?"

"सवय आहे."

"पळायच्या तयारीत तर तुम्हीच दिसता, साहेब."

सगळे हसले. समोर बसलेला प्लंबर हसला नाही.

शाळा सुटल्यावर चित्रकलेचा हा वर्ग त्यांना मिळायचा. दारू आणि गोळ्या सोडलेली नऊ माणसं दर मंगळवारी गोल करून बसायची. हवालदार त्यांच्यातला नव्हता. चौकशी झाल्यावर पोलीस ठाण्याच्या मॅडमनी त्याला बारा मंगळवार इथे बसायला लावलं होतं. हजेरीच्या कागदावर गट चालवणारी निवृत्त नर्स सही करायची. पहिल्या मंगळवारी त्याने इथल्या चहाच्या कपाला हातसुद्धा लावला नव्हता. पाचव्यापासून सगळ्यांचे कप तोच विसळू लागला. आणि आज, शेवटच्या दिवशी, आपण काय केलं ते त्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं होतं.

तो उभा राहिला. ठाण्यात पत्त्यांची वही होती, त्याने सांगितलं. ज्या घरात नशा चालते त्या घराच्या पत्त्यापुढे लाल टिंब. फोन आला की आधी वही बघायची. टिंब असलं की गाडी सगळ्यात शेवटी. नवराबायकोचं भांडण असणार, आपोआप मिटेल. प्लंबरच्या घरापुढचं टिंब सात वर्षांपूर्वीचं होतं. त्याने दारू सोडली त्यालाही चार वर्षं होऊन गेली होती.

"टिंब द्यायचा नियम होता," हवालदार म्हणाला. "पुसायचा नव्हता."

प्लंबरची बायको वारली त्या दुपारी तिचा फोन यानेच घेतला. गाडी पाऊण तासाने गेली. तोवर सगळं संपलं होतं.

आता टिंबं खोडली होती. नर्स आणि ट्रकवाला महिन्यातून एकदा ठाण्यात जाऊन वही तपासायचे. हे सगळं प्लंबरला माहीत होतं. चौकशीचा कागद त्याला पाठ होता. त्याला हवं होतं ते कागदात नव्हतं. पहिल्याच मंगळवारी त्याने विचारलं होतं, ती फोनवर काय म्हणाली? छातीत दुखतंय म्हणाल्या, एवढं बोलून हवालदाराने मान खाली घातली होती.

आजही त्याने तेवढंच सांगितलं आणि तो खाली बसायला लागला.

"एवढंच?" प्लंबरने विचारलं. "मी कुणाच्या तरी बेसिनखाली आडवा होतो. फोन हत्यारांच्या पिशवीत. तिच्याशी शेवटचं तुम्ही बोललात."

हवालदार उभाच राहिला.

प्लंबरने गटाला एक गोष्ट बऱ्याचदा सांगितली होती. चार वर्षं, रोज संध्याकाळी, दार उघडलं की बायको आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. मग बाजूला व्हायची. बोलायची काही नाही. तिचा आपल्यावर विश्वास बसला की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

"छातीचं त्यांनी एकदाच सांगितलं," हवालदार म्हणाला. "पत्ता ऐकून मी वही बघितली आणि विचारलं, नवरा पिऊन आलाय का? मग पुढे त्या एकच गोष्ट सांगत राहिल्या. दम लागत होता त्यांना. ते पीत नाहीत आता, चार वर्षं झाली, मी रोज बघते. मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवला."

ट्रकवाल्याने हातातला कप खाली ठेवला.

"रोज बघते म्हणाली?" प्लंबरने विचारलं.

"हो."

"पुन्हा सांगा. ती म्हणाली तसं."

हवालदाराने घसा साफ केला. "ते पीत नाहीत आता, दादा. चार वर्षं झाली. मी रोज बघते." मघाशी गाळलेला 'दादा' या वेळी त्याने गाळला नाही.

प्लंबरने मान हलवली. नर्सने कागदावर सही करून तो पुढे केला. हवालदाराने तो घेतला नाही, कप गोळा करायला लागला.

प्लंबर पायीच घरी गेला. कुलूप आता त्यालाच काढावं लागायचं. दार ढकलून तो उंबरठ्याबाहेरच थांबला, पिशवी खाली ठेवली. मग थोडा पुढे वाकला, तोंड उघडलं, आणि हळूच श्वास सोडला.