हंगामाच्या सणाची कोंबडी

"या कोंबडीचे हजार!" ठोंबरे कंत्राटदारांनी बोली लावली. "आज रस्सा करू!"

हंगामाच्या सणाला घरातलं काहीतरी देवाला वाहायचं आणि मंडळीने चर्चच्या अंगणात ते लिलावात घेऊन पैसे चर्चला द्यायचे, ही इथली रीत. विधवा केझियाने यंदा आपली एकुलती एक, अंडी देणारी कोंबडी आणली होती. रश्श्याचं नाव ऐकताच तिने मान खाली घातली.

"पाच हजार," मागून राहेलबाई म्हणाल्या.

सगळे वळून बघू लागले. दोन साड्यांवर वर्ष काढणाऱ्या, चहाची पावडर दोनदा उकळणाऱ्या या निवृत्त शिक्षिकेला अख्खी मंडळी चिंगूस म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. कंत्राटदारांनी बोली सोडली.

राहेलबाईंनी पैसे भरले, कोंबडी उचलली आणि थेट केझियाच्या हातात दिली. "मला कुठं कोंबड्या पाळता येतात? तूच सांभाळ. अंडीही तूच खा."

"पण बाई, देवाला दिलेलं परत कसं घेऊ?"

"देवाचं देवाला पोचलं. ही आता माझी आहे."

फाटकाशी रिक्षावाल्याने वीस रुपये सांगितले.

"वीस? लुटतोस काय रे!" म्हणत राहेलबाई पदर खोचून चालत निघाल्या.