लिनेआचा हक्क

मिनेसोटात नवा कायदा आला. मूल तेरा वर्षांचं झालं की आईबापांनी टाकलेले आपले व्हिडिओ काढून टाकायला सांगू शकतं. सोलवेगचा अख्खा चॅनेल लेकीच्या बाळलीलांवर उभा होता, त्यामुळे लिनेआच्या तेराव्या वाढदिवशी केकवर मेणबत्त्या लावता लावताच आईने विषय काढला.

"बोल बाई एकदाची. कुठले काढू? शी-शूचे?"

"ते राहू देत गं, गोड आहेत. तू लेफ्सेच्या पोळ्या लाटताना कंबर हलवत नाचतेस ना, ते सगळे काढ!"

"वा गं वा! कायदा तुझ्या व्हिडिओंपुरता आहे. त्यांत तू कुठे दिसतेस?"



"नीट बघ ना, आई! मागे टेबलाखाली तोंड लपवून बसलेली मीच आहे."